उसने दोन दिवस

रात्री साडेदहानंतर फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. आई गेली तेव्हाचा फोन असाच अवेळी आला होता. गेल्या पावसाळ्यात भाच्याचा फोन आला तो पावणेअकराला.

"मावशी, हिला संध्याकाळी कळा सुरू झाल्या होत्या. पण आता थांबल्यात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक इंजेक्शन दिलंय."

"कितवा आठवडा?"

"बत्तिसावा चालू आहे."

भाचेसून पहिलटकरीण, माहेरी गेलेली, गुहागरच्या बाजूला. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती की चिपळूणकडे, जिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची सोय आहे अशा मोठ्या हॉस्पिटलात आत्ताच्या आत्ता हलवा. १०८ची गाडी बोलावतो असंही म्हणाले होते. पण मग कळा थांबल्या. बाहेर धो धो पाऊस. तिच्या वडिलांचं म्हणणं पडलं की थांबल्यात तर कशाला रात्रीचं पोरीला हलवायचं, सकाळी बघू. भाचा बिचारा अधांतरी.

"गोळ्यांनी गुण आलाय ना, मावशी?"

गुण आलाय! इथेच तर सगळी गोची आहे.

"अरे, थांबल्या नाहीत त्या, थांबवल्यात. उद्यापरवापर्यंत. गाडी बोलाव आणि निघा." मी एवढ्या जोरात बोलले की नवरा दचकून उठला आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई बँकेत नोकरी करते आणि रात्री फोनवर डॉक्टरकी कसली करते? मी डॉक्टर नाही, आणि मी डॉक्टरांनी जे सांगितलं होतं तेच परत सांगितलं, एवढंच. पण या दोन दिवसांची गोष्ट मला फार आतून माहीत आहे. दोन बाळंतपणांमुळे. एक माझं. आणि एक माझं नाही, ताईचं.

माझं आधी सांगते, कारण ते सोपं आहे.

जुलै २००८. एकतिसावा आठवडा. दुपारी चारला बँकेतच कंबर दुखायला लागली. मला वाटलं, सकाळपासून खुर्चीत बसून दुखत असेल. मग दुखणं यायला लागलं ते लाटेसारखं, येतंय, जातंय, पुन्हा येतंय. आमच्या चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि घड्याळाकडे बघत दहा मिनिटं गप्प बसल्या. मग तपासलं. मग कपाटातून एक गोळी काढून दिली. ती बघून मी चक्क वाद घातला. कारण ती निफेडिपिन होती, आणि ती मला चांगली ओळखीची होती. माझ्या सासऱ्यांच्या ब्लडप्रेशरच्या डब्यात तीच असायची! रोज सकाळी मीच काढून द्यायचे.

"अहो, मला बीपी नाहीये."

"नाहीये ना? छान. घे."

पुढे कधीतरी त्यांनी समजावून सांगितलं. गर्भाशय म्हणजे शेवटी एक स्नायू. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की तो आकुंचन पावतो. ही गोळी कॅल्शियमची ती वाटच अडवते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला स्नायू सैलावला की ब्लडप्रेशर उतरतं, गर्भाशयाचा सैलावला की कळा मंदावतात. म्हणून त्या मला गोळी दिल्यावर सारखं बीपी बघत होत्या. माझा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता आणि डोकं असं ठणकत होतं की काही विचारू नका.

गोळीपाठोपाठ इंजेक्शन दिलं, डेक्सामेथासोनचं. आणि मग बाई जे म्हणाल्या ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"हे बघ, तुला नऊ महिने हवेत, ते मी देऊ शकत नाही. कोणीच नाही. मी दोन दिवस उसने आणलेत. त्यात दोन कामं करायची आहेत. हे इंजेक्शन दर बारा तासांनी, एकूण चार. आणि तू कराडला जायचंस."

तेव्हा त्यांच्या दवाखान्यात काचेची पेटी नव्हती. त्यांच्या खात्रीची सोय कराडला. चिपळूण ते कराड शंभरेक किलोमीटर, आणि मध्ये कुंभार्ली घाट. जुलैतला कुंभार्ली ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. धुक्यात समोरच्या गाडीचा लाल दिवा सुद्धा दिसत नव्हता. बाईंनी सोबत नर्स दिली होती. ती दर वीस मिनिटांनी बीपीचा पट्टा आवळायची आणि मला बाळ हलतंय का विचारायची. पाटण गेलं तेव्हा मी पहिल्यांदा रडले. का कोण जाणे, पाटणलाच.

लेक जन्मली ती तिसऱ्या दिवशी पहाटे चारला, चौथं इंजेक्शन व्हायच्या आधी तासभर. एक किलो चारशे पन्नास ग्रॅम. थोडे दिवस ऑक्सिजन लागला, सव्वीस दिवस पेटीत होती. आता कॉलेजात जाते आणि खोलीचं दार लावून घेते. असो.

आता यात औषधानं नक्की काय केलं? कळा थांबवल्या का? नाही. छत्तीस तासांनी त्या यायच्या त्या आल्याच. घरी सगळे म्हणत होते, "बघ, एवढं करून शेवटी सातव्यातच झालं, गोळ्यांचा उपयोग नाही झाला." सासूबाईंची तर समजूत अशी की सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, म्हणून एका परीनं बरंच झालं. (हे तुमच्याकडेही म्हणतात ना? साफ खोटं आहे. आईच्या पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.) पण उपयोग झाला होता. गोळीचा उपयोग इंजेक्शनाला वेळ मिळावा आणि मला घाट ओलांडता यावा यासाठी होता. तेवढाच असतो.

हे मला कळायला मात्र काही वर्षं लागली. पेटीसमोर सव्वीस दिवस बसलेल्या बाईला वाचायचं वेड लागतं. मग मी जे मिळेल ते वाचत गेले, आणि एकेक गमती कळत गेल्या. म्हणजे गमती म्हणायच्या की काय, तुम्हीच ठरवा.

१९६७ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रिट्झ फुक्स नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या पत्नी ॲना-रीटा यांनी, सहकाऱ्यांसह, अकाली कळांवरचा एक उपाय छापून प्रसिद्ध केला. उपाय काय? दारू! खरंच. शिरेतून अल्कोहोलचं सलाईन. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं मेंदूतून सुटणं दारूनं कमी होतं, हा त्यामागचा हिशोब. पुढची काही वर्षं मोठमोठ्या हॉस्पिटलांत सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाया सलाईनमधून झिंगवल्या जात होत्या. ओकाऱ्या काढत, बडबडत पडलेल्या त्या बायकांचं चित्र डोळ्यापुढे आलं की हसावं की रडावं कळत नाही. आज गरोदर बाईला घोटभरही नको म्हणतात.

मग आली हृदयाची धडधड वाढवणारी औषधं. रिटोड्रिनला अमेरिकेत १९८० साली परवानगी मिळाली. टर्ब्युटालिन, जे आपण खोकल्याच्या औषधात पितो, तेही याच कुळातलं. आपल्याकडे चालायचं ते आयसोक्सुप्रिन, डुवाडिलान या नावानं घरोघरी ठाऊक. १९९२ साली कॅनडात सातशेवर बायकांवर रिटोड्रिन तपासलं तेव्हा निघालं असं, की बाळंतपण दिवस-दोन दिवस पुढे जातं, पण त्यानं बाळं काही जास्त वाचत नाहीत. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं टर्ब्युटालिनबद्दल कडक इशारा दिला की दोन-तीन दिवसांच्या पलीकडे हे इंजेक्शन देऊ नका, गोळ्या तर यासाठी मुळीच नको, आईच्या हृदयावर बेतू शकतं.

मला कॅनडाच्या त्या आकड्यानं बरेच दिवस झोपू दिलं नाही. दोन दिवस मिळतात, पण बाळं वाचत नाहीत. मग दोन दिवस मिळवून करायचं काय?

याचं उत्तर न्यूझीलंडच्या मेंढ्यांत होतं. ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढीच्या पोटातल्या कोकरांवर प्रयोग करत होते. त्यांना शोधायचं होतं भलतंच, कळा सुरू कोण करतं ते. त्यासाठी ते गर्भातल्या कोकराला स्टेरॉइड देत होते. त्यातलं एक कोकरू इतकं आधी जन्मलं की ते श्वास घेणं शक्यच नव्हतं, आणि ते श्वास घेत होतं. त्याची फुप्फुसं उघडली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं आतून चिकटतात, कारण ती उघडी ठेवणारा जो साबणासारखा थर असतो तो अजून पुरेसा तयार नसतो. १९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचं, केनेडींचं, बाळ साडेपाच आठवडे आधी जन्मून याच दुखण्यानं ३९ तासांत गेलं होतं. अध्यक्षांना सुद्धा जे विकत मिळालं नाही, ते या कोकरानं दाखवलं. स्टेरॉइडनं तो थर घाईघाईनं तयार होतो.

लिगिन्सनी रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञांना बरोबर घेऊन २८२ आयांवर हे करून पाहिलं आणि १९७२ साली छापलं. इंजेक्शन न दिलेल्यांत पहिल्या आठवड्यात शंभरातली १५ बाळं गेली, दिलेल्यांत ३. आणि बरं का, इंजेक्शनाला काम करायला वेळ मिळावा म्हणून त्यांनी कळा कशानं लांबवल्या होत्या? त्याच दारूच्या सलाईननं! (नंतर दम्याच्या साल्ब्युटामॉलनं.) म्हणजे दारू अगदीच वाया गेली नाही म्हणायची. दोन दिवस त्यांनीही उसनेच घेतले होते. फक्त त्या दोन दिवसांत काय करायचं हे त्यांना माहीत होतं.

आता तुम्हाला वाटेल, १९७२ साली एवढं कळलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून जगभर इंजेक्शनं सुरू झाली असतील. नाही झाली. बावीस वर्षांनी, १९९४ साली, अमेरिकेत तज्ज्ञांना खास बैठक घेऊन सांगावं लागलं की बाबांनो, हे इंजेक्शन द्या, अजून फार थोड्या बायकांना मिळतंय. कॉक्रेन नावाची जी संस्था औषधांचे पुरावे गोळा करते, तिच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा आहेत त्या याच इंजेक्शनाच्या प्रयोगांच्या आहेत. पुरावा समोर असून वर्षानुवर्षं कोणी बेरीज केली नाही, याची ती आठवण. आपल्या सरकारनं नर्सबाईंनासुद्धा पहिला डोस द्यायची मुभा देणारी सूचना काढली ती २०१४ साली.

आणि आता ताई.

नोव्हेंबर १९९६. ताई पहिलटकरीण, माहेरी आलेली. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिसाव्या आठवड्यात तिला कळा सुरू झाल्या. आमच्या तालुक्याच्या गावी एक नर्सिंग होम होतं, तिथे नेलं. सलाईनमधून औषध लावलं, पलंगाच्या पायथ्याखाली विटा ठेवल्या, डोकं खाली पाय वर, आणि उठायचं नाही. ताई म्हणायची, "छातीत टांगा पळतोय गं." हात थरथरायचे. पण कळा थांबल्या! आईनं नवस बोलला. तिसऱ्या दिवशी सलाईन काढून गोळ्या सुरू केल्या. आम्ही सगळे खूश. मी डबा घेऊन जायचे, ताईच्या उशाशी बसून तिला मासिकं वाचून दाखवायचे, पलंग उतरता असल्यामुळे पेज चमच्यानं भरवायचे. तिची फार चिडचिड व्हायची.

नवव्या दिवशी पुन्हा कळा आल्या आणि काहीच थांबवू शकलं नाही. मुलगा झाला. सव्वा किलोचा. कण्हल्यासारखा आवाज करत श्वास घ्यायचा, प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडायचा. भावोजी कोल्हापूरहून पोचेपर्यंत दीड दिवस झाला होता आणि तो गेला होता. ताईनं त्याला एकदाच पाहिलं. आमच्या घरी त्याविषयी पुढे कोणी बोललं नाही. दोन वर्षांनी हा भाचा झाला, पूर्ण दिवसांचा, आणि घर त्याच्याच भोवती फिरायला लागलं.

२०१९ साली आई गेली. तिचं कपाट आवरताना तळाशी, जरीच्या साडीखाली, एक खाकी फाइल मिळाली. नर्सिंग होमची. आईनं का जपून ठेवली होती देव जाणे. मी पलंगावर बसून नऊ दिवसांची पानं एकेक वाचली. डुवाडिलान सलाईन. डुवाडिलान गोळी. झोपेची गोळी. कॅल्शियम, लोह. नाडी, बीपी, तारखा, सगळं नीट लिहिलेलं, अक्षर सुद्धा सुंदर. स्टेरॉइड कुठेच नाही. दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं.

नऊ दिवस. इंजेक्शनाला दोन लागतात. नऊ दिवसांत कोल्हापूर, पुणे, मुंबई, कुठेही जाता आलं असतं. आम्ही नऊ दिवस कळा थांबल्यात याचा आनंद करत बसलो होतो.

त्या डॉक्टरांना दोष द्यायला मन धजत नाही आणि न द्यायलाही. ते रात्री दोनला उठून आले होते, पैशासाठी कधी अडवलं नाही. १९९६ मध्ये त्यांच्यासारखे कितीतरी, इथे आणि परदेशातही, हेच करत होते. इंजेक्शन दिलं असतं तर तो वाचलाच असता असंही कोणी सांगू शकत नाही. पण ते इंजेक्शन महाग नाही, दुर्मीळ नाही. दम्याला, ॲलर्जीला वापरतात ते साधं डेक्सा. तेव्हाही ते त्यांच्या कपाटात असणारच. मी फाइल माझ्या कपाटात ठेवली आणि ताईला काही बोलले नाही. काय बोलणार?

तर त्या रात्रीकडे परत येते. भाच्यानं ऐकलं. व्याह्यांना डॉक्टरांनीच पुन्हा फोनवर समजावलं आणि बाराच्या सुमारास गाडी निघाली. (हे सुद्धा सांगते, डॉक्टरांनी आधी नीट तपासलं होतं की रक्त जात नाहीये, ताप नाहीये. आत जंतुसंसर्ग असेल, बाळ गुदमरत असेल तर कळा थांबवायच्याच नसतात, तेव्हा बाळ बाहेर असणंच बरं.) आम्ही दोघं पहाटे हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ताई कोल्हापूरहून निघालेली होती. तिला यायला सकाळचे दहा वाजले.

तिथल्या तरुण डॉक्टर मुलीला मी विचारलं की अजून तीच बीपीची गोळी वापरता का? ती हसली. म्हणाली, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली कळा थांबवणारी औषधं नकोच म्हटलं होतं, मग २०२२ साली निफेडिपिन चालेल म्हणून सांगितलं, तेही स्टेरॉइडला आणि प्रवासाला वेळ मिळावा एवढ्यापुरतं. वाद अजून मिटलेला नाही. खास याच कामासाठी बनवलेलं अटोसिबान नावाचं औषध युरोपात २०००पासून वापरात आहे, पण २०२५ साली तीस ते चौतीस आठवड्यांच्या बायकांवर ते नुसत्या सलाईनशी ताडून पाहिलं तर बाळांच्या तब्येतीत फरक दिसला नाही. "पण गुहागरहून इथे येईपर्यंत वेळ मिळाला ना काकू, आमच्यासाठी तेच खूप," असं म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली.

अकराच्या सुमारास नर्स दुसरं इंजेक्शन घेऊन आली. ताई सुनेच्या उशाशी बसली होती, केसांवरून हात फिरवत.

"हे कशाचं?" ताईनं विचारलं.

"बाळाच्या फुप्फुसांचं, आजी. लवकर आलं तर श्वास घ्यायला सोपं जातं."

ताईनं मान डोलावली. नर्स गेली. मग आम्ही दोघी चहा घ्यायला बाहेर आलो. पाऊस जरा ओसरला होता. पत्र्याच्या शेडखाली उभ्या होतो. ताईनं कप हातात धरला पण प्यायली नाही.

"मला तेव्हा दिलं होतं का गं हे?"

मला वाटतं मी अर्धा मिनिट गप्प होते. खोटं बोलता आलं असतं. आठवत नाही म्हणता आलं असतं.

"नाही दिलं, ताई."

"फाइलमध्ये बघितलंस?"

म्हणजे तिला फाइल ठाऊक होती! आईनं तिला कधीच सांगून ठेवलं होतं म्हणे, की तुझे कागद माझ्याकडे आहेत, हवे तेव्हा माग. तिनं कधी मागितले नाहीत.

"बघितलं. सगळी पानं."

"नऊ दिवस होते," ताई म्हणाली. मग चहा एका दमात संपवला, कप कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाली, "चल, तिला भूक लागली असेल. पेज मिळते का बघू कँटीनमध्ये."

नात झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री, चारही इंजेक्शनं होऊन. एक किलो सहाशे वीस ग्रॅम. पेटीत एकोणीस दिवस होती. ताई रोज काचेबाहेर उभी राहायची आणि तिचं पोट वरखाली होताना बघायची. एकदा मला म्हणाली, "हिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत नाही बघ." अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत त्याच्याबद्दल तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

दिवाळीला ताई आमच्याकडे आली होती. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "ती फाइल दे." मी आणून दिली. तिनं न उघडता पिशवीत ठेवली, वर लाडवांचा डबा ठेवला, आणि गेली. तिचं काय केलं ते मी विचारलं नाही.